म्हशीचे माजचक्र व संप्रेरके

वयात आलेल्या, गाभण नसलेल्या म्हशीच्या बीजांडकोशात व गर्भाशयात साधारण दर २१ दिवसांनी घडणारी फेरी. ती मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी, बीजांडकोश आणि गर्भाशय यांच्या संप्रेरकांवर चालते.

हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच झिरपले की पिट्युटरी एफएसएच व एलएच सोडते. एफएसएचमुळे बीजपुटके वाढतात. सगळी एकदम नव्हे, तर लाटेने, बहुधा चक्रात दोनदा. शेवटच्या लाटेतले सर्वांत मोठे पुटक इस्ट्रोजेन स्रवते आणि म्हैस माजावर येते. त्याच इस्ट्रोजेनने एलएचची उसळी येते व माज संपल्यावर १०-१४ तासांनी स्त्रीबीज सुटते. रिकाम्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन स्रवते. ते आहे तोवर नवा माज नाही. गर्भ न राहिल्यास १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड विरवते आणि फेरी पुन्हा सुरू होते. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकते; म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते.

इथवर गाय आणि म्हैस यांत फारसा फरक नाही. अडचण येते ती माज ओळखताना. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात, माज बहुधा रात्री-पहाटे असतो, आणि बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) गायीसारखा लोंबत नाही. म्हैस बसली की मागे जमिनीवर चिकट ओल दिसते, तीही गोठा झाडण्याआधी पाहिली तर. वारंवार लघवी, दुधात घट, अधूनमधून रेकणे एवढ्यावरच भागवावे लागते. हाच मुका माज. म्हैस ‘माजावरच येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा नजरेतून निसटलेल्या माजाची असते.

ऋतूचाही परिणाम मोठा. दिवस लहान होऊ लागले की पीनियल ग्रंथीतील मेलॅटोनिन अधिक काळ स्रवते व प्रजनन जोर धरते. म्हणून पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात माज जास्त आढळतो. उन्हाळ्यात प्रोलॅक्टिन वाढते, प्रोजेस्टेरॉन उतरते. काळी कातडी आणि कमी घर्मग्रंथी यांमुळे उष्णतेचा ताण लवकर बसतो. अशा वेळी डुंबायला पाणी, सावली व हिरवा चारा यांचा चांगला गुण येतो.

माज जुळवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन किंवा जीएनआरएचसह त्याचे मिश्र वेळापत्रक वापरतात. मात्र प्रोस्टाग्लँडिन पक्व पीतपिंड असेल तरच लागू पडते, आणि गाभण म्हशीला दिल्यास गर्भपात होऊ शकतो. त्यामुळे आधी पशुवैद्यकाकडून तपासणी आवश्यक.