घोड्याआधी लगाम

'हॉट हॅच' हा शब्द आता आपल्याकडेही रुळलाय. चारचौघांसारखी दिसणारी, भाजी आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला चालणारी छोटी गाडी, पण ॲक्सिलरेटर दाबला की अंगात आल्यासारखी पळणारी. या जातीची पहिली गाडी कोणती यावर गाडीवेडे लोक तासन् तास भांडू शकतात. इटलीत १९७१ साली ऑटोबियांकी ए११२ आबार्थ आली होतीच. पण ही जात घराघरात पोचवली ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. तिची गोष्ट मला आवडते, कारण ती घाई न करण्याची गोष्ट आहे. वेगाच्या गाडीबद्दल हे बोलणं जरा विचित्र वाटेल, पण वाचा तर खरं!

साल १९७४. तेलसंकटाने युरोप हवालदिल झालेला. बीटलच्या जिवावर जगलेली फोक्सवॅगन तोट्यात. नवीकोरी गोल्फ त्याच वर्षी बाजारात आली, ५० आणि ७० अश्वशक्तीची, साधीसुधी. अशा वेळी कंपनीकडे "वेगवान गाडी काढूया" म्हणून कोण जाणार? आल्फोन्स ल्योवेनबर्ग नावाच्या चाचणी अभियंत्याने मात्र ही कल्पना आदल्या वर्षीच मांडली होती. सुरुवातीला वरून फारसा उत्साह नव्हता. मग काही मंडळींनी गुपचूपच काम सुरू केलं. त्यात प्रसिद्धी विभागाचे प्रमुख अँटोन कॉनराडही होते.

गंमत म्हणजे पहिली चाचणीची गाडी अगदी आजच्या उत्साही पोरांच्या गाड्यांसारखीच होती. सस्पेन्शन दगडासारखं, एक्झॉस्टचा आवाज गल्ली उठवणारा. वेग होता, पण रोज चालवायची कोणी? मग त्यांनी तिला थोडं माणसाळवलं. माझ्या मते जीटीआयचा खरा जन्म इथे झाला.

सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९७६ च्या उन्हाळ्यात विक्रीला लागली. १६०० सीसीचं इंजिन, इंधन आत सोडायला कार्ब्युरेटरऐवजी बॉशचं इंजेक्शन, ११० अश्वशक्ती, आणि वजन जेमतेम ८१० किलो. पण नुसते घोडे जुंपून ते थांबले नाहीत. पुढे हवा खेळती राहणाऱ्या डिस्क ब्रेक, रुंद टायर, गाडी थोडी खाली बसवलेली, वळणावर कलू नये म्हणून अँटीरोल बार. म्हणजे जेवढी ताकद वाढवली, तेवढाच तिचा लगामही घट्ट केला. कंपनीचा अंदाज होता ५,००० गाड्यांचा. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या!

पुढच्या सुधारणा बघा, किती सावकाश. १९७९ ला चारऐवजी पाच गिअर. १९८२ ला इंजिन १८०० सीसीचं केलं, आणि ताकद किती वाढली? ११० ची ११२. फक्त दोन घोडे! कागदावर हसू येईल. पण आता इंजिनाचा खरा जोर ५,००० ऐवजी ३,५०० फेऱ्यांच्या आसपासच मिळू लागला. रस्त्यावर ओव्हरटेक करताना माणसाला लागतो तो हाच जोर. १९८४ च्या दुसऱ्या पिढीत गाडी मोठी आणि जड झाली, तेव्हा मागेही डिस्क ब्रेक आले. त्यानंतर १९८६ ला सोळा व्हॉल्व्हचं, १३९ अश्वशक्तीचं इंजिन. क्रम लक्षात आला ना? आधी थांबायची सोय, मग पळायची.

तोल चुकला तिथे लोकांनी नावंही ठेवली. इंग्लंडमध्ये स्टिअरिंग उजवीकडे नेलं, पण ब्रेकचा मास्टर सिलिंडर डावीकडेच राहिला. पेडलचा जोर दांड्यांमधून पलीकडे पोचेपर्यंत मऊ पडायचा. त्या ब्रेकची तिथे अजून चेष्टा होते. आणि नव्वदीच्या सुरुवातीला तिसरी पिढी आली तेव्हा वजन हजार किलोच्या वर गेलं, ताकद मात्र ११५. "हीच का ती जीटीआय?" असं म्हणायची वेळ आली. मग १५० अश्वशक्तीचं इंजिन देऊन थोडी अब्रू राखली.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. त्याने जुनी पोलो घेतली आहे, आपल्या चाकणला बनलेली. टर्बो इंजिन, त्यामुळे लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात ताकद वाढवून मिळते म्हणे. त्याला तेच आधी करायचंय. टायर मात्र पाच वर्षांचे, आणि ब्रेक ऑइल कधी बदललं कुणास ठाऊक! घाट उतरून तो रात्री घरी येईपर्यंत ताई जागी असते, हे त्याला माहीत नाही. म्हणून इथे लिहितोय, वाचेलच तो.

बाबा रे, आधी टायर बदल. मग ब्रेक पॅड आणि ऑइल. मग शॉक ॲब्सॉर्बर आणि झिजलेले बुश. प्रत्येक बदलानंतर महिनाभर गाडी चालव, तिच्यात काय फरक पडला ते हाताला कळू दे. सगळं एकदम केलंस तर काय चांगलं झालं आणि काय बिघडलं, हे कधीच समजणार नाही. इंजिनाचं सगळ्यात शेवटी बघ. आणि तेव्हाही कायद्यात काय बसतं आणि विमा कंपनी काय म्हणते, ते आधी विचार.

कदाचित तोवर तुझ्या लक्षात येईल की गाडी होती तेवढीच पुरेशी वेगवान होती. फोक्सवॅगनसारख्या कंपनीला सहा वर्षांत दोन घोडे वाढवून चाललं, मग तुलाच एवढी कसली घाई?