समावेशित शालेय शिक्षण, कोल्हापूर जिल्ह्यातील

स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता अशा मेंदूच्या वाढीशी निगडित अडचणी असलेल्या मुलांना घराजवळच्या नेहमीच्या शाळेत, बरोबरीच्या मुलांच्या वर्गातच शिकवण्याची व्यवस्था. या अडचणी चटकन नजरेत भरत नाहीत. कुबडी दिसते, श्रवणयंत्र दिसते. पण वाचता न येणारे मूल ‘आळशी’ आणि एका जागी न बसणारे ‘वांड’ ठरते. पटावर नाव आहे, हजेरीही लागते, पण शिकणे होत नाही, अशी अवस्था या मुलांच्या वाट्याला फार सहज येते.

सर्वांना एका शाळेत बसवण्याचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांमध्ये घेण्याचा हुकूम काढला. अक्षमतेचा प्रश्न जातीच्या प्रश्नाहून वेगळा आहे. तरीही वेगळी शाळा ही सोय म्हणून सुरू होते आणि पुढे कुंपण बनते, हे त्या हुकुमामागचे निदान इथेही लागू पडते. १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ने उचगावच्या समर्थ विद्यामंदिरात व्हीलचेअरवरची मुले आणि इतर मुले एकत्र बसवली. ते काम मुख्यतः शारीरिक अपंगत्वाचे. त्याचा भर जिने, स्वच्छतागृहे, वसतिगृह यांवर राहिला. मेंदूविकासाच्या अडचणींत बदलावी लागते ती शिकवण्याची रीत, आणि त्या बाबतीत जिल्ह्यातले महत्त्वाचे उदाहरण १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाचे आहे. ती विशेष मुलांची शाळा नव्हे. परंतु मूल अनुभवातून, हाताने करत, आपापल्या गतीने शिकते हे तिथले मूळ सूत्र, आणि समावेशित वर्गाला नेमके तेच लागते.

कायद्याची बाजू आज भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अक्षमतांचे २१ प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. लक्षणीय प्रमाणात अक्षमता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांपैकी हवी ती निवडून मोफत शिकण्याचा हक्क या अधिनियमाने दिला. मात्र अतिचंचलतेचे नाव या यादीत स्वतंत्रपणे नाही. केवळ तीच अडचण असलेले मूल त्यामुळे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वाटेवर अडते आणि सर्वस्वी वर्गशिक्षकाच्या समजुतीवर अवलंबून राहते. ही उणीव दूर व्हायला हवी.

प्रत्यक्षात काम समग्र शिक्षा योजनेतून चालते. वर्गशिक्षक ‘प्रशस्त’ या ॲपवरील यादीनुसार पहिली नोंद करतात, नंतर विशेष शिक्षक मुलाला तपासतात. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक शाळाशाळांना भेटी देतात. फार तीव्र अक्षमता असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. प्रमाणपत्रासाठी पालकांचा मुख्य रस्ता कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे, म्हणजे ‘सीपीआर’कडे जातो. चंदगड तालुक्यातून तो शंभर किलोमीटरहून लांब आहे. रोजंदारी बुडवून आलेल्या आईला दुसऱ्या तारखेला परत बोलावले की पुष्कळदा तो कागद तिथेच राहतो. त्यातच विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. शेंडा पार्क येथील ‘चेतना अपंगमती विकास संस्थे’सारख्या ठिकाणी साठलेला अनुभव शेजारच्या प्राथमिक शाळेच्या वर्गात आपोआप पोचत नाही, याचे एक कारण या दोन खात्यांत आहे.

वर्गात काय घडते ते पाहिल्याशिवाय हा विषय कळत नाही. देवनागरीत अडखळणारे मूल ‘घर’ला ‘धर’ वाचते, ‘भ’ आणि ‘म’मध्ये गोंधळते. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी येते आणि उच्चारात नंतर, तिथे ते थबकते; जोडाक्षर आले की ओळच सोडून देते. तेच मूल तोंडी विचारले तर धड्याचे उत्तर नीट सांगते. अशा मुलाला मोठ्या अक्षरांतला उतारा, ओळीखाली धरायला पट्टी आणि तोंडी उत्तराची मुभा दिली तर फरक पडतो. स्वमग्न मुलाची अडचण परिपाठापासूनच सुरू होते. ध्वनिक्षेपक लागला की ते कानांवर हात ठेवते, खिचडीच्या रांगेतल्या गलक्याने बिथरते. त्याला रांगेच्या टोकाला उभे करणे, दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावून ठेवणे, तास बदलण्याआधी सांगणे, यांना पैसा लागत नाही. लागते ती शिक्षकाची उसंत, आणि मोठ्या पटाच्या वर्गात तीच मिळत नाही.

चाचणीच्या भाषेचाही प्रश्न आहे. शिरोळ, गडहिंग्लज भागांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुले आहेत; त्यांचे अडखळणे भाषेमुळे की अक्षमतेमुळे, हे इंग्रजी चाचणीने ठरत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेली ‘डाली’ ही वाचन-अक्षमतेची चाचणी मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे, म्हणून ती या जिल्ह्याच्या विशेष उपयोगाची आहे. दहावी-बारावीला राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात प्रमाणपत्रधारकांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण निदान नववीत झाले तर त्या फक्त परीक्षेपुरत्या उरतात. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी चाळणीचा टप्पा तिसरी किंवा आठ वर्षे वय हा धरला आहे, तो योग्यच आहे.

मनुष्यबळाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने शाळासमूहाच्या केंद्र स्तरावर अशा शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली. एका केंद्रात अनेक शाळा येतात, त्यामुळे रोजचा भार वर्गशिक्षकावरच राहतो.

ऊसतोड मजुरांची मुले या सगळ्यातून सर्वाधिक निसटतात. गळीत हंगामात ती मराठवाड्यातून जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या परिसरात येतात आणि हंगाम संपला की परत जातात. स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता ओळखायला एकाच शिक्षकाचे सलग काही महिन्यांचे निरीक्षण लागते, आणि या मुलांचे वर्ष दोन शाळांत तुटते. त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड जाते. इथल्या शिक्षकाने टिपलेली अडचण आणि लागू पडलेला उपाय त्या कार्डावर लिहून पाठवला, तर गावच्या शाळेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.