फोतिस कोंतोग्लू : परंपरा आणि निवड

फोतिस कोंतोग्लू (1895–1965) या ग्रीक चित्रकाराचे नाव निघाले की ‘परंपरेकडे परतलेला कलावंत’ हे विशेषण त्यास हटकून लावले जाते. ते सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. परतावयाचे तर मूळ ठिकाण शिल्लक असावे लागते. कोंतोग्लूजवळ ते उरले नव्हते.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयवली (तुर्कांचे आयवालिक) हे त्याचे जन्मगाव. वडील लहानपणीच वारले. मठाधिपती असलेल्या मामाने त्याला वाढविले आणि आईकडील आडनावच त्याने पुढे धारण केले. अथेन्सच्या कलाशाळेत काही काळ शिकून तो पॅरिसला गेला. तेथे पाश्चात्त्य चित्रकला त्याने जवळून पाहिली आणि ‘पेद्रो काझास’ ही एका समुद्री चाच्याची विलक्षण कथा लिहिली. पहिले महायुद्ध संपल्यावर तो गावी परतला खरा. परंतु 1922 साली ग्रीक सैन्याचा पराभव होऊन आयवलीतील ग्रीक वस्ती उठली. कोंतोग्लू निर्वासित होऊन लेस्बॉस बेटावर व तेथून अथेन्सला आला. पुढच्याच वर्षी तो अथोस पर्वतावरील मठांत गेला आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत राहिला. बायझंटाइन शैली त्याने अशी तिशीच्या उंबरठ्यावर शिकली. प्रौढ माणसाने परभाषा शिकावी तशी.

परभाषा म्हणण्यास कारण आहे. 19 व्या शतकात, बव्हेरियाहून आलेल्या ओथो राजाच्या अमदानीत, ग्रीसमधील धर्मचित्रांचे वळणच पालटले. लुडविग थियर्शसारख्या जर्मन चित्रकारांच्या प्रभावाने चर्चच्या भिंतींवर गोंडस, मांसल संत अवतरले. जुनी प्रतिमाचित्रे अडाणी ठरली. त्या जुन्या पद्धतीत चेहऱ्यावर प्रथम गडद मातकट थर देतात व त्यावर उत्तरोत्तर उजळ थर चढवितात. प्रकाश एखाद्या खिडकीतून चेहऱ्यावर पडत नाही, तो काळोखातूनच वर येतो. इमारतींच्या रेषा दूरच्या एका बिंदूत मिळण्याऐवजी पाहणाऱ्याच्या दिशेने झुकतात. हे सारे हेतुपूर्वक आहे, ही गोष्ट ग्रीकांना पटवून देण्याचे श्रेय बव्हंशी कोंतोग्लूकडे जाते. मिस्त्रास येथील जुनी भित्तिचित्रे त्याने स्वच्छ केली; अथेन्समधील कापनिकारेआ या 11 व्या शतकातील चर्चच्या भिंती त्याने स्वतः रंगविल्या.

आपल्या चित्रांवर तो ‘फोतिओस कोंतोग्लूच्या हातून’ अशी जुन्या वळणाची सही करीत असे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास ही सही विचार करावयास लावते. आपण केवळ हात आहोत, कर्ता अन्य कोणी, असा तिचा अर्थ. तथापि कोंतोग्लूचे चित्र सहीवाचूनही ओळखू येते! त्याचे रुंद डोळ्यांचे, उन्हाने रापलेले संत अथोसच्या मठांतले जितके, तितकेच आयवलीच्या धक्क्यावरचे वाटतात. तीच माणसे त्याच्या गद्यातही आहेत. ते गद्य पंडिती ग्रीकात नसून खलाशांच्या बोलीशी नाते सांगणारे आहे, आणि ‘आयवली, माझी मायभूमी’ हे त्याचे 1962 सालचे पुस्तक वाचले म्हणजे चित्रातील चेहरे कोठून आले याविषयी शंका राहत नाही.

1960 साली त्याने ‘एक्फ्रासिस’ हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला व अथेन्सच्या अकादमीने त्याचा गौरव केला. रंग कसे कालवावे, गिलावा कसा करावा, कोणता संत कोणत्या रूपात दाखवावा, हे सर्व त्यात आहे. आपल्या शिल्पशास्त्राच्या ग्रंथांशी परिचित वाचकास ही रीत अनोळखी वाटणार नाही. परंतु माझ्या मते येथेच कोंतोग्लूने आपल्या कार्याचे थोडे नुकसानही केले. ज्याने शैली निवडून मिळविली होती, त्याने ती इतरांना नियम म्हणून दिली. त्याच्यामागून ग्रीसमधील असंख्य चर्चे बायझंटाइन पद्धतीने रंगविली गेली. त्यांतील पुष्कळ काम निर्दोष आणि निर्जीव आहे.

त्याची अधिक धाडसी चित्रे चर्चबाहेर आहेत. 1930 नंतरच्या दशकात अथेन्सच्या नगरभवनात त्याने पुराणकाळापासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंतचे ग्रीक वीर प्रतिमाचित्रांच्याच शैलीत रंगविले. त्याआधी 1932 मध्ये स्वतःच्या घराच्या भिंती त्याने लौकिक विषयांनी भरून टाकल्या होत्या. त्या कामात यानिस त्सारूखिस आणि निकोस एंगोनोपूलोस हे दोन तरुण शिष्य त्याचे मदतनीस होते. एंगोनोपूलोस पुढे अतिवास्तववादी कवी व चित्रकार म्हणून गाजला. गुरूला ती वाट मुळीच मानवणारी नव्हती. तरीही त्याच्या चित्रांतील त्या चेहरे नसलेल्या, झगझगीत रंगांच्या आकृती उभ्या राहतात त्या बायझंटाइन संतांसारख्याच.