'वय झालं' म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या एका काकूंना झटका येऊन गेला. हात-पाय सावरले, पण बचतीचा हिशेब जमेना, चाल मंदावली. 'वय झालं,' असं आम्हीही म्हणालो. चुकलोच.

मेंदूच्या आत निरोप नेणाऱ्या तारांचा पांढरा भाग असतो. त्याला रक्त नेणाऱ्या नळ्या अगदी बारीक. बुद्धी मंदावलेल्या काही रोग्यांचा हा भाग झिजल्याचं डॉक्टर ओटो बिन्सवांगर यांनी 1894 सालीच लिहिलं. दोष रक्तवाहिन्यांना दिला. पण तेव्हा मेंदू मेल्यावरच पाहता येई. आता एमआरआयमध्ये जिवंतपणी दिसतो.

बीपी मात्र पुढेही वयाचंच मानलं गेलं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा बीपी होतं 300/190! अध्यक्षांची ही गत.

1948 साली तिथल्याच फ्रॅमिंगहॅम गावात 5209 माणसांची तपासणी सुरू झाली. त्यात निम्म्याहून जास्त बाया होत्या, बरं का. वर्षानुवर्षं बीपी मोजल्यावर पटलं, की बीपी, साखर, तंबाखू झटका ओढवून आणतात. त्यांनीच त्या बारीक नळ्याही खराब होतात. मशेरी म्हणजे तंबाखूच.

काकूंनी गोळी मध्येच सोडली होती, बरं वाटतं म्हणून. आता बैठकीच्या दिवशी आधी बीपी, मग हप्ता.