आव्होगाद्रोंची संख्या

उष्णमान व दाब समान असतां समान आकारमानाच्या सर्व वायूंत रेणूंची संख्याहि समानच असते, असा सिद्धान्त इ. स. १८११ मध्यें इटलींतील आमेदेओ आव्होगाद्रो यांनीं मांडिला. बहुतेक रसायनवेत्त्यांनीं त्याची उपेक्षा केली. परिणामीं पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनचे परमाणु एक कीं दोन, यावरहि एकमत होईना. १८५६ सालीं आव्होगाद्रो निवर्तले. चारच वर्षांनीं कार्ल्सरूहे येथील परिषदेंत त्यांचेच देशबांधव कानिझ्झारो यांनीं त्याच सिद्धान्ताच्या आधारें परमाणुभारांचा घोळ उलगडून दाखविला.

आज पदार्थाची राशि ‘मोल’ या मापानें मोजतात. सुमारें १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल; त्यांत ६०२ वर एकवीस शून्यें, इतके रेणु असतात. इ. स. २०१९ मध्यें ही संख्या कायमची निश्चित करण्यांत आली. तिला नांव आहे तें आव्होगाद्रो यांचेंच!