विजेवरची होडी

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघण्यात माझ्या लहानपणातले कितीतरी तास गेले. बोट धक्क्याला लागली की इंजिनाची धडधड पायांतून पोटात चढायची आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरायचा. आम्हा पोरांना तो तवंग फार सुंदर वाटे. ते डिझेल आहे आणि ते पलीकडच्या खारफुटीच्या चिखलात, जिथे आज सलीम अली अभयारण्य आहे तिथे, जाऊन मुरतं हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. घरातली जुनी माणसं मोटरलाँचला 'गाझोलीन' म्हणत. म्हणजे नावातच तेल!

विजेची बोट ही कालपरवाची कल्पना असं मी धरून चाललो होतो. ती तर डिझेल इंजिनाहून थोरली निघाली. १८३८ साली मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवून दाखवली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तर अशा पन्नासहून जास्त होड्या लोकांना फिरवत होत्या. पण शिशाची बॅटरी जड, पल्ला थोडा. आणि तेल स्वस्त झालं. तेल जिंकलं.

विजेचा डाव पुन्हा मांडला तो नॉर्वेने. २०१५ मध्ये सोग्नेफ्योर्डवर लाविक आणि ओप्पेडाल या गावांदरम्यान 'अँपिअर' ही १२० मोटारी नेणारी फेरीबोट सुरू झाली. अंतर सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटं. धक्क्यावर थांबते दहा मिनिटं, तेवढ्यात चार्जिंग! पण त्या खेड्यांच्या तारांत एवढी वीज एकदम देण्याचा जोरच नव्हता. मग त्यांनी दोन्ही धक्क्यांवरही बॅटऱ्या ठेवल्या. आपल्याकडे नळाला बारीक धार असली की आपण टाकी भरून ठेवतो ना, तसंच. वर्षाला सुमारे दहा लाख लिटर डिझेल वाचेल असा हिशेब होता.

आता मुद्द्याची गोष्ट. नॉर्वेची वीज जवळपास सगळी धबधब्यांची. आपल्या गोव्याची मोठा भाग बाहेरून येते, कोरबासारख्या ठिकाणी कोळसा जाळून. म्हणजे आपल्या बोटीचा धूर नाहीसा होत नाही, छत्तीसगडला जातो. तरीही फायदा उरतोच. विजेची मोटर ऊर्जा फार वाया घालवत नाही, डिझेल इंजिन मात्र निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं. आणि नदीपुरतं बोलायचं तर तवंग, काजळी, कानठळ्या हे सारं खरोखरच जातं. केरळने आणखी पुढची वाट धरली. जानेवारी २०१७ पासून वैक्कमला 'आदित्य' ही ७५ आसनांची बोट बरीचशी छपरावरच्या उन्हावर चालू लागली. २०२२ च्या अखेरीस पणजीतही सौर बोट पाण्यात उतरली.

माझा एक मित्र चोडणचा, खाजनशेती करणारा. त्याला मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लाट कमी उठता काय रे तिची?" नाही उठत. बोट विजेची असो वा डिझेलची, जोरात हाकली की लाट तीच आणि बांधाची माती ढासळते तीही तेवढीच. त्यावर बॅटरीचा इलाज नाही, वेगच आवरायला हवा.