अर्पणाआधी परतफेड : प्राचीन इस्राएलमधील अर्पणविधी आणि आजचा श्रद्धाळू

प्रस्तावना

देवाला काय द्यावे, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी विचारलेला आहे. प्राचीन इस्राएली समाजाने त्याचे दिलेले उत्तर हिब्रू बायबलमधील ‘लेवीय’ या ग्रंथाच्या पहिल्या सात अध्यायांत सविस्तर नोंदलेले आहे. गोऱ्हा कोणता असावा, पीठ किती असावे, चरबी कोठे जाळावी, मांस कोणी व केव्हा खावे, असे नियम त्यात क्रमाने येतात. आजच्या वाचकाला हे अध्याय रूक्ष, रक्तरंजित आणि कालबाह्य वाटतात. श्रद्धाळू वाचकही ते ओलांडून पुढे जातो. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर तेथील वेदीही उरली नाही. मग वेदी नसलेल्या काळात या नियमांचा अर्थ काय उरतो?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे विधी म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हता. माणसाचे माणसाशी असलेले देणे अर्पणाने फिटत नाही, हे तत्त्व या विधींच्या रचनेतच गुंफलेले होते. आणि तेच त्यांचे आजही टिकून राहिलेले मर्म आहे.

विधींचे स्वरूप

अर्पणासाठी हिब्रूत ‘कोरबान’ हा शब्द आहे. त्याचा धातू ‘जवळ येणे’ या अर्थाचा आहे. म्हणजे देवाला काही पुरवणे यापेक्षा त्याच्या सान्निध्यात जाणे, हा अर्थ शब्दातच आहे.

लेवीय ग्रंथात अर्पणाचे पाच मुख्य प्रकार सांगितले आहेत. होमबली (ओला) संपूर्ण जाळला जाई. त्याचे मांस अर्पण करणाऱ्याकडे परत येत नसे. अन्नबली (मिन्हा) हा सपीठ, तेल आणि धूप यांचा असे. त्यात मीठ आवश्यक, तर खमीर व मध वेदीवर जाळण्यास वर्ज्य होते. त्यातील मूठभर भाग वेदीवर जाई व उरलेला याजकांना मिळे. शांत्यर्पणात (शेलामीम) चरबी वेदीला, ठरावीक भाग याजकाला आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळत असे. उपकारस्तुतीसाठी केलेल्या शांत्यर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे. साहजिकच एकट्याने ते संपणे कठीण होते. आनंद वाटून घेणे या नियमातून आपोआप घडत असे. पापबली (हत्तात) मुख्यतः नकळत घडलेल्या पापांसाठी होता आणि दोषबली (आशाम) पवित्र वस्तूंबाबतचा अपराध, फसवणूक व अपहार यांसारख्या दोषांसाठी होता.

ही व्यवस्था शेजारच्या संस्कृतींपासून तुटलेली नव्हती. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे १९२९ पासून सापडलेल्या मृत्तिकापट्टिकांत इस्राएली अर्पणांच्या नावांशी नाते सांगणाऱ्या संज्ञा आढळतात. नेगेव प्रदेशातील अराद येथे १९६० च्या दशकातील उत्खननात यहूदी राज्याच्या काळातील देवालय आणि माती व न घडवलेल्या दगडांची वेदी उजेडात आली. तेथील एका लहान वेदीवर धूप आणि प्राणिज चरबी यांचे अवशेष असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक विश्लेषणातून दिसून आले. तेव्हा इस्राएलचे वेगळेपण अर्पणाच्या साहित्यापेक्षा त्याला जोडलेल्या नैतिक अटींत शोधणे अधिक योग्य ठरेल.

गरिबाची मूठ

या अटींपैकी पहिली अट ऐपतीची आहे. लेवीय ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात काही विशिष्ट दोषांसाठी मेंढी किंवा बकरी सांगितली आहे. ती परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणि तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे दोन लिटर सपीठ पुरते. या पिठावर तेल वा धूप घालायचा नाही. क्षमेचे शब्द मात्र मेंढीसाठी जे, तेच पिठासाठीही आहेत.

अन्नबलीच्या नियमाच्या आरंभी अर्पण करणाऱ्यासाठी ‘नेफेश’ म्हणजे ‘जीव’ हा शब्द योजला आहे. मूठभर पीठ आणणारा बहुधा गरीबच असणार आणि त्याने जणू आपला जीवच अर्पण केला, असा अर्थ पुढे तालमूदमध्ये लावला गेला. थोडे असो वा फार, मन देवाकडे लागलेले असावे, हे सूत्र मिश्ना या इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथातही आढळते.

आधी मालकाचे देणे

दुसरी अट परतफेडीची आहे. शेजाऱ्याची ठेव नाकारणे, लुबाडणे, सापडलेल्या वस्तूविषयी खोटी शपथ घेणे अशा अपराधांत केवळ मेंढा आणून भागत नसे. घेतलेली वस्तू पूर्ण परत करावी, त्यावर पाचवा हिस्सा अधिक द्यावा आणि मग दोषबली आणावा, असा नियम आहे. मिश्नाने हा क्रम अधिक स्पष्ट केला : परतफेडीपूर्वी आणलेला दोषबली कर्तव्य पूर्ण करीत नाही. म्हणजेच देवाच्या दाराशी जाणारी वाट ज्याला लुबाडले त्याच्या दारावरून जाते.

संदेष्ट्यांच्या टीकेचा रोखही याच संदर्भात समजतो. इ.स.पू. आठव्या शतकात आमोस, होशेय, यशया आणि मीखा यांनी अर्पणांवर कठोर प्रहार केले. त्यांच्या टीकेचे लक्ष्य वेदीपेक्षा अधिक, हात अन्यायाने माखलेले असताना वेदीकडे वळणारा माणूस होता. संदेष्टे विधी मोडायला निघाले होते असे अनेकदा मानले जाते. वस्तुतः दोषबलीच्या नियमात जे सूचित होते तेच ते उच्चरवाने सांगत होते.

वेदीनंतरचा काळ

मंदिर गेल्यानंतर योहानान बेन झक्काई यांच्या नेतृत्वाखाली याव्ने येथे यहुदी धर्मजीवनाची नवी घडी बसू लागली. प्रार्थना, धर्माध्ययन आणि दयेची कृत्ये यांना अर्पणांचे स्थान मिळाले. परतफेडीचे तत्त्वही कायम राहिले : माणसाविरुद्ध केलेल्या अपराधांचे प्रायश्चित्त, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय योम किप्पूरच्या उपवासानेही होत नाही, असे मिश्ना सांगते.

ख्रिस्ती परंपरेने वेगळी वाट घेतली. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ ख्रिस्ताचे आत्मार्पण हे एकदाच झालेले आणि पूर्ण असे अर्पण मानते. तरीही मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची शिकवण अशी आहे की, अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. दोन परंपरा ज्या ठिकाणी परस्परांपासून दूर गेल्या, तेथेही हे तत्त्व दोघींनी जपले, ही बाब लक्षणीय आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात कोकणातील बेने इस्राएल समाजाचा ‘मलिदा’ येथे उल्लेखनीय ठरतो. नवस फिटल्यावर वा मंगल प्रसंगी एलियाहू हन्नावी यांचे स्मरण करून पोहे, साखर, ओले खोबरे, सुकामेवा आणि फळे यांचे ताट मांडले जाते आणि प्रार्थनेनंतर ते सर्वांना वाटले जाते. त्यात वेदी नाही, रक्त नाही. पण उपकारस्तुतीचा घास वाटून खाण्याची शांत्यर्पणातील वृत्ती येथे सहज ओळखू येते.

निष्कर्ष

अर्पणविधींचा आजचा अर्थ त्यांच्या साहित्यात नसून क्रमात आहे. जवळ जाण्याची इच्छा, ऐपतीप्रमाणे पण खरोखरचे देणे, आनंद वाटून घेणे आणि या सर्वांआधी ज्याचे घेतले त्याला ते परत करणे, हा तो क्रम होय. आजचा श्रद्धाळू वेदीवर मेंढा नेत नाही. परंतु दानपेटीत रक्कम टाकून मजुराची थकलेली मजुरी किंवा भावाचा बुडवलेला हिस्सा विसरण्याचा मोह त्यालाही होतोच. त्या क्षणी लेवीय ग्रंथातील तो रूक्ष वाटणारा नियम त्याला थांबवतो आणि विचारतो, पाचव्या हिश्श्यासह परत केलेस काय? या प्रश्नाला सामोरे जाणे हेच आजचे कोरबान आहे, असे म्हणावयास हरकत नाही.